काटा केव्हा चढतो? : जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनाचे निदान

पेट्रोलच्या इंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी स्थूलमानाने एक तृतीयांशाहूनही थोडी कमीच उष्णता गाडी ओढण्याच्या कामी येते. जवळजवळ तितकीच धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्या उष्णतेचा मोठा हिस्सा पाण्याच्या द्वारे रेडिएटरमधून बाहेर टाकावा लागतो. इंजिन प्रमाणाबाहेर तापते याचा अर्थ हा हिशेब कोठेतरी चुकतो. एक तर पाण्यात प्रमाणाबाहेर उष्णता उतरते किंवा उतरलेली उष्णता बाहेर पडत नाही. यांपैकी नेमके काय घडत आहे हे ठरविण्यापूर्वीच रेडिएटर, पंप व थर्मोस्टॅट एकामागून एक बदलण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती खर्चाची तर आहेच; शिवाय तिच्यामुळे मूळ दोष तसाच राहून इंजिन कायमचे निकामी होण्याचाही संभव असतो.

विवेचनाच्या सोयीसाठी एकच गाडी डोळ्यांपुढे ठेवणे बरे. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एम. जी. बी. ही दोन आसनी स्पोर्ट्स मोटार पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडली आणि आजही ती पुष्कळ ठिकाणी हौसेने चालविली जाते. तिचे इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे असून ब्लॉक व हेड हे दोन्ही भाग बिडाचे आहेत. भारतीय वाचकाला हे इंजिन अगदीच परके नाही. आपल्याकडील अम्बॅसडर मोटारीत दीर्घकाळ वापरले गेलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन याच घराण्यातले होय. त्यामुळे पुढील विवेचनातील बराच भाग अम्बॅसडरलाही लागू पडतो.

प्रथम शंका घ्यावी ती मापकाचीच. आरंभीच्या एम. जी. बी. गाड्यांत हेडमध्ये बसविलेली एक लहान कुपी आणि तिच्यापासून मापकापर्यंत गेलेली ईथरयुक्त बारीक तांब्याची नळी अशी योजना असते. गाडी थंड असताना कुपी काढून उकळत्या पाण्यात धरली असता काटा १०० अंश सेल्सिअसच्या, म्हणजेच २१२ अंश फॅरनहाइटच्या जवळ यावयास हवा. कुपी काढताना मात्र तिच्यावरची चाकी नळीभोवती मोकळी फिरते ना, हे पाहावे. चाकीबरोबर नळी पिळली गेली तर ती तुटते आणि मापक निरुपयोगी होतो. विजेवर चालणाऱ्या मापकांच्या बाबतीत पेट्रोलचा काटाही त्याच वेळी वाजवीपेक्षा वर दिसत असेल, तर दोष पाण्यात नसून दोन्ही मापकांना वीज पुरविणाऱ्या नियंत्रकात असण्याची शक्यता अधिक. याच्या उलटही घडते, आणि ते अधिक घातक आहे. पाणी फार कमी झाले की कुपी पाण्याबाहेर, वाफेत उघडी पडते. अशा वेळी काटा खाली येतो आणि सर्व काही ठीक आहे असे समजून चालक गाडी तशीच पुढे हाकतो.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, ही सूचना सर्वांनी ऐकलेली असते. तिचे कारण मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. दर चौरस इंचास १० पौंड दाब राखणारे झाकण असल्यास पाणी सुमारे ११५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच तो दाब नाहीसा होतो व १०० अंशांवरील सगळे पाणी एकदम उकळून अंगावर येते. याच कारणासाठी झाकणाची झिजलेली स्प्रिंग किंवा फाटलेले रबर हेही पाणी उकळण्याचे पुरेसे कारण ठरू शकते. सर्वांत स्वस्त भाग तोच असल्याने तो प्रथम तपासावा.

आता मुख्य प्रश्न. काटा चढतो तो केव्हा? शहरातील वाहतुकीत किंवा गाडी उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगाने जाऊ लागताच तो उतरतो, असे असेल तर दोष हवेच्या वाटेवर शोधावा. वेगात असताना समोरून येणारी हवाच रेडिएटर थंड करीत असते. तेव्हा पंख्याची फारशी गरज उरत नाही. म्हणून सैल पट्टा, उलट बसविलेली पाती, १९७६ नंतरच्या गाड्यांत विजेच्या पंख्याचा बिघडलेला स्विच, किंवा किडे व धूळ अडकून बुजलेली रेडिएटरची जाळी, यांचा परिणाम गाडी थांबली असतानाच दिसतो.

शहरात निर्वेध चालणारी गाडी लांबच्या सपाट रस्त्यावर ठराविक वेगाने अर्धा तास गेल्यानंतर तापत असेल, तर पंख्याकडे पाहण्याचे कारण नाही. येथे पाण्याचा प्रवाह अपुरा पडत असतो. रेडिएटरमधील नळ्या क्षारांनी भरलेल्या असल्या की कमी उष्णता त्या कशीबशी बाहेर टाकतात, परंतु अधिक उष्णता त्यांना झेपत नाही. गाडी थांबविल्यावर पंखा बंद असल्याची खात्री करून जाळीवरून हात फिरविला असता मध्येच थंड पट्टे लागले, तर तेथील नळ्या बुजल्या आहेत असे समजावे. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. खालचा रबरी होज पाइप जुना होऊन मऊ पडला की इंजिनाच्या वाढत्या फेऱ्यांबरोबर पंपाच्या ओढीने तो आत दबतो. उभ्या गाडीत तो पाहावा तर अगदी व्यवस्थित दिसतो! इंजिनाच्या फेऱ्या वाढवून, हात पट्ट्यापासून दूर ठेवून त्याचे निरीक्षण केल्यासच हा दोष उघडकीस येतो.

थंड इंजिन सुरू केल्यापासून थोड्याच मिनिटांत काटा लाल खुणेकडे धावत असेल, तर पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट उडाले आहे, असे तीन तर्क संभवतात. थर्मोस्टॅटची परीक्षा घरच्या घरी होते. पातेल्यातील पाण्यात तो दोऱ्याने टांगावा, तपमापी बुडवून पाणी तापवावे आणि त्यावर कोरलेल्या अंशाच्या सुमारास, बहुधा ८२ अंशांवर, तो उघडतो का ते पाहावे. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला कित्येक कारागीर देतात. तो स्वीकारू नये. थर्मोस्टॅटच बिघडलेला असल्यावाचून त्याने काहीही बरे होत नाही. इंजिन मात्र थंड राहून तेलात पेट्रोल मिसळते आणि सिलिंडर झिजतात.

गॅस्केटचा संशय असल्यास थंड इंजिन झाकण काढून सुरू करावे. पाणी तापण्यापूर्वीच त्यात अखंड बुडबुडे येऊ लागले, तर ज्वलनातील वायू पाण्यात शिरत आहेत असे मानण्यास जागा आहे. निळ्या द्रवाची एक रासायनिक कसोटीही मिळते. रेडिएटरमधील हवा त्यातून ओढली असता कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव पिवळा पडतो. तेलाच्या झाकणाखाली आढळणारा दुधाळ थर हा मात्र निर्णायक पुरावा नव्हे. केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही दमटपणामुळे तो जमतो.

हे सर्व ठीक असूनही गाडी तापत असेल तर लक्ष पाण्यावरून काढून ठिणगीकडे वळवावे. ठिणगी उशिरा पडली की जळण्याची क्रिया उशिरापर्यंत चालू राहते, जळते वायू बाहेर पडतानाही अतिशय तप्त असतात आणि हेडमधील पाणी ती उष्णता घेते. डिस्ट्रिब्यूटरला जोडलेल्या निर्वात-पेटीचा पडदा फाटल्यास संथ चालीत टायमिंग अचूक दिसते. महामार्गावर मात्र ते मागे पडते. घासत राहणारे ब्रेकही इंजिनावरचा भार वाढवितात.

या इंजिनाचा एक जुना दोष ब्लॉकच्या मागील बाजूस दडलेला असतो. चौथ्या सिलिंडरभोवती पाण्याची हालचाल मंद असल्याने गंज व गाळ तेथे साठत जातो. ब्लॉकवरील निचऱ्याचा कॉक उघडूनही पाणी आले नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असा अर्थ नव्हे. कॉक काढून भोकातून तार घालावी आणि गाळ मोकळा करून पाण्याच्या जोराने धुवावा. नवा रेडिएटर बसवूनही ज्यांची गाडी तापतच राहिली, त्यांच्यापैकी अनेकांना उत्तर येथे सापडले आहे.

घाईने केलेल्या निदानाची किंमत किती मोठी असते, हे ट्रायम्फ स्टॅग या गाडीच्या इतिहासावरून दिसून येते. १९७० ते १९७७ या काळात निघालेल्या या गाडीचे २९९७ घनसेंटिमीटरचे, व्ही आकारातील आठ सिलिंडरांचे इंजिन तापण्याविषयी कुप्रसिद्ध झाले. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमची, त्यामुळे गंजरोधक द्रव वेळच्या वेळी न बदलल्यास क्षरण होऊन रेडिएटर बुजे. पंप सिलिंडरांच्या दोन रांगांमध्ये उंचावर बसविलेला, म्हणून पातळी थोडी खाली गेली की पाणी प्रथम पंपालाच अपुरे पडे. काही ब्लॉकांत ओतकामाच्या वेळची वाळूही राहून गेलेली असे. पुष्कळ मालकांनी कंटाळून ते इंजिनच उपटून काढले व त्या जागी रोव्हरचे इंजिन बसविले. पुढे जाणकार कारागिरांनी पाण्याचे मार्ग स्वच्छ करून, चांगला रेडिएटर व योग्य द्रव वापरून हीच इंजिने विश्वासार्हपणे चालविली. टाकून दिलेल्या इंजिनांपैकी किती वाचविता आली असती, याचा हिशेब आता कोण लावणार?

दुरुस्तीनंतर पाणी भरताना हीटरची तोटी उघडी ठेवावी, म्हणजे आत हवा कोंडून राहणार नाही. सावकाश पाणी घालून इंजिन काही वेळ चालू द्यावे, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी आणि नंतर गाडी ज्या रस्त्यावर, ज्या वेगाने तापत होती, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चालवून काट्यावर नजर ठेवावी.