फुटक्या बांगड्यांचे शिल्प

शिल्पकला म्हणताच संगमरवर, पाषाण किंवा कांस्य आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु विसाव्या शतकातील कित्येक कलावंतांनी जगाने टाकून दिलेल्या वस्तूंनाच आपले साहित्य मानले. पिकासोने १९४२ साली सायकलची जुनी बैठक व हॅण्डल जोडून बैलाचे मस्तक निर्माण केले. त्यातील दोन्ही वस्तू स्पष्ट ओळखू येतात, आणि तरीही बैल दिसतोच. वस्तूने आपले पूर्वायुष्य न विसरता नवा अर्थ धारण करावा, हेच या कलेचे मर्म होय.

चंदीगढचे रॉक गार्डन हे याचे भव्य भारतीय उदाहरण. त्याचे निर्माते नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ साली, आज पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यात झाला. १९४७ च्या फाळणीने त्यांचे घर सुटले. पुढे ते चंदीगढच्या बांधकाम खात्यात रस्ता-निरीक्षक झाले. हे नवे नगर वसविण्यासाठी जुनी गावे उठविण्यात आली होती. त्या पडझडीतील अवशेष, फुटक्या फरश्या, कपबश्यांचे तुकडे आणि नदीपात्रातील दगड ते सायकलवरून वेचून आणीत. १९५७ च्या सुमारास सरकारी वनभूमीत, कोणाच्या नकळत, त्यांनी कामास आरंभ केला. कायद्याने ते सारे पाडता आले असते. परंतु लोकांना ते भावले, आणि १९७६ साली उद्यान जनतेस खुले झाले. १९८४ साली नेकचंदांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते निवर्तले.

तेथील बांगड्यांच्या काचांनी मढविलेल्या स्त्री-मूर्ती विशेष प्रेक्षणीय आहेत. आपल्या घरांत बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. कारण बांगडी ही नुसती काच नव्हे. तिच्याशी सौभाग्याची आशा आणि वियोगाचे भय जडलेले असते. पंजाबातील स्त्रीच्या हातीही तीच काच किणकिणते. म्हणूनच त्या मूर्तींपुढे कोणत्याही प्रांतीच्या माणसास आपले घर आठवते. संगमरवर निर्मळ असतो, पण तो कोणाच्या हातात वावरलेला नसतो. फुटकी बशी मात्र कोणाच्या तरी ओसरीवरून आलेली असते.

ज्यांची घरे सुटली त्यांस जग सहज विसरते. त्यांच्या भग्न वस्तूंना मानाचे स्थान देणे हाही एक न्यायच आहे. तेव्हा एखादी मोडकी वस्तू फेकण्यापूर्वी ती कोणाच्या हाती होती, हे क्षणभर आठवा. कलेचा पहिला धडा तेथेच आहे.