सावलीतील रानहळद : लागवड व जोपासना

सह्याद्रीच्या उतारावर पाऊस स्थिरावला म्हणजे झाडांच्या सावलीत, कुजलेल्या पालापाचोळ्यातून रानहळदीचे तुरे वर येतात. तुऱ्याच्या शेंड्याकडील गुलाबी-जांभळा भाग दुरूनच नजरेत भरतो. परंतु ती फुले नव्हेत, ती छदे होत. खरी फुले पिवळी असून खालच्या हिरव्या छदांच्या खोबणीत बसलेली असतात. या वनस्पतीचे शास्त्रीय नाव कर्कुमा स्यूडोमोंटाना असे आहे. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईकडील वनस्पतींच्या सूचीत ते दिले. नावात हळद असली तरी हिचा कंद मसाल्याच्या हळदीऐवजी वापरता येत नाही, हे शेतकऱ्यांना आरंभीच सांगावे.

गौरी-गणपतीच्या दिवसांत अनेक ठिकाणी हे तुरे बाजारात येतात. तुरा धारदार विळ्याने कापला तर झाडाचे फारसे बिघडत नाही. पण घाईत तो हिसडून काढला जातो आणि त्याबरोबर कंदही उपटून येतो. कित्येकजण फुललेले झाड मुळासकट आणून परसात लावतात व ते मेले म्हणजे जमिनीला दोष देतात. कारण निराळेच आहे. फुलण्याच्या वेळी जुन्या कंदातील साठा कोंब, पाने व तुरा यांवर खर्च झालेला असतो, आणि नवा कंद अद्याप भरलेला नसतो. तो भरण्याचे काम पाने पुढे पावसाळा संपेपर्यंत करीत राहतात. म्हणून तुरा न्यावा, पाने मात्र आपणहून पिवळी पडेपर्यंत राखावीत. गुरांसाठी किंवा स्वच्छतेच्या हौसेने ती आधीच कापली, तर पुढील वर्षी तुरा लहान येतो किंवा येतच नाही.

लागवडीसाठी कंद स्वतःच्या मालकीच्या बांधावरून अथवा परिचिताच्या परसातून, पाने वाळल्यावर काढावेत. राखीव वनातून ते आणू नयेत. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये तो अपराध होतो. काढलेले कंद कोरड्या वाळूत, सावलीत ठेवावेत. ते जमिनीतच राहू दिले तरी चालते, कारण हिवाळा व उन्हाळा ही त्यांची विश्रांतीची वेळ होय. या काळात पाणी घालण्याची हौस टाळावी.

आंबा, फणस किंवा चिकूच्या जुन्या बागेत, जेथे सकाळचे कोवळे ऊन व दुपारची सावली मिळते, ती जागा उत्तम. मिट्ट काळोखी सावली नको. तेथे पाने लांबतात, तुरे थोडे येतात. मे महिन्याच्या अखेरीस, डोळा असलेले कंदाचे तुकडे सुमारे एक वीत अंतरावर, दोन ते तीन बोटे खोल लावावेत. मातीत कुजलेला पाला भरपूर मिसळावा व वरून पाल्याचेच आच्छादन द्यावे. बागेतील पाला जाळण्याची चाल असेल तेथे ती प्रथम बंद करावी, नाहीतर या पिकाच्या नादी लागू नये.

खरा शत्रू साचलेले पाणी. उतार नसेल तर उंच वाफे करावेत व चर काढावेत. कोंब पिवळा पडून बुडाशी मऊ झाला, तर कंद कुजला असे समजावे. तो आजूबाजूच्या मातीसह काढून दूर नष्ट करावा. साळिंदर व रानडुक्कर फिरत असतील तेथे वाफा घराजवळ करणे बरे.

पहिल्या वर्षी तुऱ्यांची आशा धरू नये. बेट दाट झाले म्हणजे दर तीन-चार वर्षांनी उन्हाळ्यात कंद विभागून लावावेत. विक्रीचा हंगाम अवघ्या काही दिवसांचा असल्याने यासाठी भाताचे खाचर अडवणे शहाणपणाचे नाही. झाडांखालची रिकामी जागा पुरेशी आहे. विक्रीसाठी तुरे भल्या सकाळी कापून, देठ पाण्यात बुडवून, त्याच दिवशी बाजारी पाठवावेत.