लोड बॅलन्सर कोणता घ्यावा?

१६ जुलै २०२१ ची दुपार तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. दहावीचा निकाल १ वाजता लागला, सुमारे १५ लाख मुलांचा, आणि निकालाची संकेतस्थळं कित्येक तास नीट उघडतच नव्हती. अशा वेळी गर्दी अनेक सर्व्हरवर वाटून देणारा जो असतो, तो लोड बॅलन्सर.

आपल्या काळेवाडीतून रोज कितीतरी जण चाकणच्या एमआयडीसीत कामाला जातात. घरी विचारून बघा, कंपनीत माल येतो तेव्हा काय होतं? गेटवरचा वॉचमन ट्रकचा नंबर बघतो आणि रिकाम्या जागेकडे पाठवतो. आत काय आहे, त्याला घेणं नाही. स्टोअरचा क्लार्क मात्र चलन वाचतो आणि मग ठरवतो, हे बेअरिंग इकडे, रंग तिकडे. वॉचमन भराभर काम करतो. क्लार्कला वेळ लागतो, पण चूक होत नाही.

लोड बॅलन्सरचेही मुख्य प्रकार हेच. वॉचमन म्हणजे लेयर ४: फक्त आयपी पत्ता आणि पोर्ट बघणारा. क्लार्क म्हणजे लेयर ७: एचटीटीपी विनंती उघडून वाचणारा. अ‍ॅमेझॉनकडे यांची नावं नेटवर्क लोड बॅलन्सर आणि अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर. मायक्रोसॉफ्टकडे अ‍ॅझ्युअर लोड बॅलन्सर आणि अ‍ॅप्लिकेशन गेटवे. (अ‍ॅझ्युअरचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे बरं का!)

आता निवड. वेबसाइट असेल, ‘/fees’ एका सर्व्हरकडे आणि ‘/result’ दुसऱ्याकडे न्यायचं असेल, तर लेयर ७ घ्या. पण कारखान्यातली मशिनं एमक्यूटीटीने माहिती पाठवत असतील, तर तिथे एचटीटीपी नाहीच, क्लार्क वाचणार काय? शिवाय कारखान्याच्या फायरवॉलमध्ये ठरावीक आयपीलाच परवानगी असते. अ‍ॅमेझॉनच्या लेयर ७ बॅलन्सरचे आयपी बदलत राहतात, लेयर ४ चे स्थिर असतात. चुकीचा निवडलात तर एखाद्या रात्री आयपी बदलतो आणि मशिनं गप्प होतात.

निकालासारखी एका मिनिटात उसळणारी गर्दी हे वेगळं प्रकरण. लेयर ७ बॅलन्सर हळूहळू मोठा होतो, त्याला आधी अंदाज द्यावा लागतो. आणि मागे डेटाबेस एकच असेल, तर पुढे कितीही बॅलन्सर लावा, रांग तिथेच तुंबणार. माझ्या मते निकालाची पानं आधीच तयार करून सीडीएनवर ठेवलेली बरी.

एक गोष्ट मुलं हमखास विसरतात: हेल्थ चेक. समजा एका सर्व्हरचा डेटाबेसशी संपर्क तुटला, पण त्याचं मुखपृष्ठ उघडतंय. हेल्थ चेक मुखपृष्ठावरच असेल, तर बॅलन्सर त्याला धडधाकट समजतो. त्यात ‘ज्याच्याकडे काम कमी त्याला द्या’ हा नियम असला तर आणखी गंमत! चूक दाखवायला वेळ लागत नाही, म्हणून तो सर्व्हर सतत रिकामा दिसतो आणि सगळ्यात जास्त मुलं त्याच्याकडेच जातात.

गृहपाठ: तुमच्या प्रोजेक्टमधला हेल्थ चेक कोणत्या पानावर आहे, ते उद्या वहीत लिहून आणा.