वस्त्रे दाखविणाऱ्या विधवा

वाचनपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२

मंडळीतील एखादी वृद्ध माता प्रभूमध्ये निद्रिस्त झाली, म्हणजे स्मरणार्थ उपासनेत तिच्याविषयी चार शब्द बोलण्याचा प्रघात आहे. नोकरीनिमित्त दिल्ली, नोएडा, गुडगाव येथे स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतही तो टिकून आहे. मुलगा बोलतो, जावई बोलतो, पाळकसाहेब बोलतात; ‘प्रेमळ’, ‘प्रार्थनाशील’, ‘सेवाभावी’ ही विशेषणे येतात व सभा संपते. आजारपणात जिने त्या मातेच्या हातची पेज खाल्ली, ती शेजारीण मागच्या बाकावर मुकाट्याने बसून असते. तिला कोणी विचारीत नाही. यापोत मात्र ह्याच्या उलट घडले.

टबीथेचा, म्हणजे दुर्कसेचा, वृत्तान्त आपल्या परिचयाचा आहे. परंतु त्यातील शब्द सावकाश पाहण्याजोगे आहेत. लूक तिला ‘शिष्या’ म्हणतो. मूळ ग्रीकमधील ‘माथेत्रिया’ हे स्त्रीलिंगी रूप संपूर्ण नव्या करारात येथे एकदाच आले आहे. तिचे वय, पती, मुलेबाळे यांविषयी लूक काहीच सांगत नाही. तिच्या कार्याविषयीचे क्रियापद मात्र चालू राहिलेली क्रिया दाखविते : ती करीत असे. नाताळात एकदा केलेला दानधर्म नव्हे, नित्याची शिवण.

पेत्र माडीवर येतो, तेव्हा विधवा रडत रडत तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवितात. ग्रीकमध्ये ‘दाखविणे’ या धातूचे येथील रूप कर्त्याकडे वळणारे आहे. म्हणून ही वस्त्रे त्यांच्या अंगावरच होती, असे काही भाष्यकार मानतात. केवळ व्याकरणाने हे सिद्ध होत नाही. तरी मला तो अर्थ पटतो. अनुवादकाला ‘दाखवीत’ एवढे लिहून थांबावे लागते, आणि स्वतःच्या अंगरख्याची बाही पुढे करून उभी असलेली बाई वाक्यातून निसटते. तेथे विशेषण एकही नाही. साक्ष देतात त्या घेणाऱ्या.

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:१०) वृद्ध विधवांच्या सत्कृत्यांची गणना आहे. मुलांचे संगोपन, परक्यांचा पाहुणचार, पवित्र जनांचे पाय धुणे, संकटग्रस्तांना साहाय्य, ही सारी एकाच वचनात येतात. ‘घर सांभाळून समाजसेवाही केली’ असे आपण म्हणतो; त्या वचनाला हा ‘ही’ ठाऊक नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या (१८६८-१९३६) आयुष्यातही तो सापडत नाही. पोटच्या मुलांबरोबर पोरकी मुले त्यांच्या घरी वाढली. अहमदनगरला प्लेगच्या छावणीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्यांनी टिळकांचा तापट स्वभाव झाकला नाही, आणि स्वतःची फजितीही गाळली नाही. त्यामुळेच त्यांच्या प्रेमावर वाचकाचा विश्वास बसतो. आपल्या स्मरणसभांतील निर्दोष माता मात्र कोणाच्याच ओळखीच्या वाटत नाहीत!

दिल्लीकरांनी आणखी एक नाव ध्यानी ठेवावे. प्रिसिला विंटर या मिशनरी पाळकाच्या पत्नीने एकोणिसाव्या शतकात यमुनेकाठी स्त्रियांना औषधे देण्यास आरंभ केला. पुरुष वैद्यापुढे येऊ न शकणाऱ्या पडदानशीन स्त्रियांना त्या काळी दुसरा मार्ग क्वचितच होता. १८८१ साली त्या वारल्या. वार्धक्य त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्या स्मरणार्थ १८८५ साली चांदणी चौकात सेंट स्टीफन्स रुग्णालय उघडले; पुढे ते तीस हजारीला आले. तेथील बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल? तरीही औषध मिळते.

आता यापोच्या माडीकडे पुन्हा पाहावे. पेत्र सर्वांना बाहेर पाठवितो, गुडघे टेकून प्रार्थना करतो, टबीथा डोळे उघडते. मग तो कोणाला बोलावितो? ‘पवित्र जन’ म्हटल्यावर विधवा त्यात आल्याच होत्या. लूक तरीही त्यांचा उल्लेख वेगळा करतो.