संगणकातील ध्वनी आणि प्रचालन प्रणाली

संगणकावर गायन ऐकत असता मधूनच ‘टक्’ असा आवाज होतो, किंवा स्वर क्षणभर तुटतो. अशा वेळी दोष बहुधा ध्वनिवर्धकाला दिला जातो. वास्तविक पुष्कळदा त्याचे मूळ संगणकाच्या कामांच्या वाटणीत असते. ही वाटणी प्रचालन प्रणाली करते. तिच्यात कोणती सुधारणा करता येते, ते आता पाहू.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील लहर होय. तिची उंची ठराविक अंतराने मोजून ते आकडे संगणक साठवितो. प्रत्येक मोजणीस नमुना म्हणतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर दोन वाहिन्या असून प्रत्येकीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. नमुना २ बाइटांचा. म्हणजे सेकंदाला ४४,१०० × २ × २ = १,७६,४०० बाइट झाले. आजच्या संगणकास हा भार क्षुल्लक आहे. मग स्वर तुटतो का?

कारण येथे प्रश्न वेगाचा नसून वेळ पाळण्याचा आहे. नमुन्यांचे विद्युत्-लहरीत रूपांतर करणारा घटक घड्याळाच्या ठोक्याप्रमाणे नमुने मागत असतो. प्रचालन प्रणालीला मात्र इतरही अनेक कामे असतात. म्हणून दोहोंमध्ये स्मृतीचा एक लहान हौद ठेवलेला असतो. त्यास बफर म्हणतात. हौदाची तोटी अखंड वाहते, पाणी भरणारा अधूनमधून येतो. त्याला उशीर झाला की हौद कोरडा पडतो.

सेकंदाला ४८,००० नमुने लागत असतील, तर २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.३ मिलिसेकंद पुरतो. प्रणाली ८ मिलिसेकंद अन्यत्र गुंतली तर स्वर तुटणारच. बफर १,०२४ नमुन्यांचा केल्यास तो २१.३ मिलिसेकंद पुरतो आणि तोच उशीर निरुपद्रवी ठरतो. तथापि गायकाला स्वतःचा आवाज संगणकातून ऐकावयाचा असेल, तर मोठ्या बफरमुळे तो उशिरा ऐकू येतो. सारांश, श्रवणासाठी बफर मोठा व प्रत्यक्ष वादनासाठी लहान असावा.

दुसरा उपाय अग्रक्रमाचा. १९९१ साली लिनस टोर्वाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्स प्रणालीत ध्वनीच्या कामास इतर कामांपेक्षा वरचा क्रम देता येतो. तिच्या गाभ्याचीही बहुतेक कामे तातडीच्या कामासाठी मध्येच थांबविण्याची व्यवस्था २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात समाविष्ट झाली.

तिसरी गोष्ट नमुन्यांच्या दराची. ध्वनी ४४,१०० दराचा व यंत्र ४८,००० वर लावलेले असेल, तर प्रणालीस दर १४७ नमुन्यांचे १६० नमुने करावे लागतात. हे रूपांतर निकृष्ट रीतीने झाल्यास विकृती येते. दोन्ही दर सारखे ठेवल्यास त्याची गरजच उरत नाही.

परंतु बफर रिकामा पडत नसेल व आकडेही बदलत नसतील, तर आणखी कामे बंद केल्याने त्याच आकड्यांचा स्वर अधिक मधुर व्हावा, असे मानण्यास आधार नाही. नवे यंत्र वा महाग साधन घेण्यापूर्वी परीक्षा करावी. मित्राने न सांगता मांडणी बदलावी. ऐकणाऱ्याने ती ओळखावी. दहाही वेळा निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याचा संभव १,०२४ मध्ये १ एवढाच असतो. कानांची खात्री पटविण्याचा हा मार्ग बिनखर्चाचा आहे.

अभ्यास : दर ४४,१०० असता ४४१ नमुन्यांचा बफर किती मिलिसेकंद पुरेल?