विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

जुन्या पोथीचे शेवटचे पान उलटले की पुष्कळदा मालकाचे नाव आढळते. क्वचित त्या नावावर हरताळ फासून दुसरे नाव घातलेले असते. म्हणजे पोथी एका घरातून दुसऱ्या घरी गेली. उज्जैनच्या सिंधिया प्राच्यविद्या शोध प्रतिष्ठानात अशी हजारो हस्तलिखिते आहेत. कोणाजवळ तरी ती होती आणि ती देता येत होती, म्हणूनच ती तेथवर पोहोचली.

हे आठवण्याचे कारण असे. माझ्या परिचयाच्या एका वाचनप्रिय गृहस्थांना देवाज्ञा झाली. त्यांचे कपाटभर ग्रंथ मुलाने एका दुपारी वाचनालयास पोहोचते केले. दृष्टी अधू झाल्यावर, अक्षर मोठे करता येते म्हणून, त्यांनी बरीच ई-पुस्तके घेतली होती. (ही सोय खरोखर मोठी आहे; मीही ती वापरतो.) तीही द्यावीत असे मुलाच्या मनात आले. विक्रेत्याकडून उत्तर आले की, खाते दुसऱ्याच्या नावे होत नाही.

पैसे तर दोन्हींचे मोजले होते! मग भेद कोठे? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रती काढण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाचा. पण एकदा विकली गेलेली छापील प्रत घेणाऱ्याची. ती त्याने विकावी, उसनी द्यावी, दान करावी. ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र, बहुतेक विक्रेत्यांच्या अटी वाचल्या तर, आपण पुस्तक घेतच नाही. वाचण्याचा परवाना घेतो. अर्थात त्या अटी वाचतो कोण?

परवाना देणारा तो परतही घेऊ शकतो. 2009 च्या जुलैत अमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या काही पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. ज्याने ती विक्रीस ठेवली त्याला हक्कच नव्हता, हे खरे. पण छापील पुस्तकासाठी कोणी रात्री घरात शिरले नसते. 2019 साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा घेतलेली पुस्तकेही गेली. मूल्य परत मिळाले. समासात टिपणे केलेल्यांना 25 डॉलर अधिक. टिपणांचा हा भाव कोणी ठरविला कोण जाणे! कॅलिफोर्नियात 2025 पासून, परवाना देताना ‘विकत घ्या’ म्हणावयाचे तर तो परवाना आहे हे स्पष्ट सांगावे लागते.

आपल्याकडे एक उपयुक्त तरतूद 2012 च्या दुरुस्तीने आली आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी ग्रंथाची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. मात्र त्याची कागदी प्रत ग्रंथालयाजवळ असली पाहिजे. म्हणून सभासदांनी जुने ग्रंथ रद्दीत घालण्यापूर्वी वाचनालयास विचारावे. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी लेखन मुक्त होते. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचे साहित्य 2011 पासून कोणालाही छापता येते, उतरवून ठेवता येते.

त्या गृहस्थांच्या ग्रंथांवर त्यांच्या हातची सही आहे. तिच्याखाली आता वाचनालयाचा शिक्का बसला आहे.