उरलेलं पाणी कुठे जातं?

पालकहो, मूल शाळेतून आलं की दप्तरातून पाण्याची बाटली बाहेर येते. बहुतेकदा ती निम्मी भरलेलीच असते. ते उरलेलं पाणी कुठे जातं, आज जरा बघा. बऱ्याच घरांत ते थेट बेसिनमध्ये जातं, आणि ओतणारे हात आपलेच असतात. मूल शेजारी उभं राहून बघत असतं. पाण्याशी कसं वागायचं, हे ते तिथेच शिकतं.

आपण कुंभवलीचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला खेटून राहणारे. आजी-पणजीनं ज्या विहिरींवर हंडे भरले, त्यांच्या पाण्यावर आज भरवसा ठेवता येत नाही. तारापूरच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये लवादानं कारखान्यांना भरपाई भरायला सांगितलं. म्हणून आपली सगळी भिस्त सूर्या नदीवर. तिच्यावरच्या धामणी धरणातल्या त्याच पाण्यात वसई-विरार आणि मिरा-भाईंदरही वाटेकरी आहेत. आपल्याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्यात, पाऊस धो धो पडतो; पण डोंगरउतारावर तो थांबत नाही आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. मुलांना हे सांगा. नळाच्या पलीकडे एक नदी आहे आणि तिच्यावर हक्क सांगणारी आणखी मुलं आहेत, हे त्यांना कळू द्या.

उपदेश मात्र नको. त्यापेक्षा एकदा दात घासताना नळ चालू ठेवून खाली बादली लावा. साधा नळ मिनिटाला ६-७ लिटर पाणी सोडतो. तीन मिनिटांत बादली भरत येते. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर धरलेत. त्यातला तिसरा हिस्सा नुसते दात घासण्यात गेला, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. मग नळ बंद करून तांब्या ते आपणहून मागेल. बादलीतल्या पाण्यानं कपडे भिजवा.

आता थोडं आपल्याबद्दल. रात्रीचं पाणी ‘शिळं’ म्हणून सकाळी कळशी रिकामी करण्याची सवय आपण सोडूया. झाकून ठेवलेलं स्वच्छ पाणी एका रात्रीत खराब होत नाही. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतं; ती नळी बादलीत सोडा, लादी पुसायला आणि संडासात ते पाणी चालतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी झाडांना घाला. पाहुण्यांपुढे तांब्या-भांडं ठेवा, लागेल तेवढं तेच ओतून घेतील. आणि बाटलीतलं उरलेलं पाणी मुलाच्याच हातानं तुळशीला घालायला लावा.

‘कारखाने एवढं पाणी नासवतात, आमच्या तांब्यानं काय होणार?’ असं तुम्ही म्हणाल. राग रास्त आहे, आणि त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण आपल्यातली कितीतरी मुलं उद्या याच वसाहतीत नोकरीला लागतील. कुणी पाळीवर व्हॉल्व्ह फिरवेल, कुणी सांडपाण्याच्या टाकीवर उभं राहील, कुणी ग्रामपंचायतीत बसून सवाल करील. नासलेलं पाणी नाल्यात सोडायला त्यांचा हात धजावू नये, असं वाटत असेल तर त्या हाताला वळण आत्ताच लावायला हवं. ते वळण घरातच लागतं, आणि ते लावणं आपल्या हातात आहे.